न सुटणारा ड्रम : जुन्या मोटारींच्या मागच्या चाकाचा इतिहास

१/ जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी ३६ मिलिमीटरचा एक नट असतो. कारखान्याच्या नियमानुसार तो सुमारे ३०० न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळायचा. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला तीस किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल, तेवढा. चाळीस वर्षांचा गंज चढल्यावर तो सोडवायला याहून कितीतरी अधिक जोर लागतो. पान्याला लांब पाइप जोडून त्यावर माणूस उभा राहिल्याखेरीज तो हलत नाही.

२/ हा हट्ट केवळ गंजाचा नाही. मागचे चाक सहजासहजी सुटू नये, हा मोटारीच्या रचनाकारांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे : ते चाक ज्यांनी आयुष्यभर सोडवले, त्या कारागिरांनी या निर्णयाची कोणती किंमत मोजली?

३/ आधी रचना समजून घ्यावी. इंजिनाची ताकद डिफरन्शियलमधून एक्सलच्या दांड्यात येते. दांड्याच्या टोकावर हब बसतो, हबला ब्रेकचा ड्रम जोडलेला असतो आणि त्यावर चाक. ड्रमच्या पोटात दोन अर्धवर्तुळाकार ब्रेक शू असतात. ब्रेक दाबला की ते बाहेरच्या दिशेने पसरून ड्रमला आतून घासतात. बीटलमध्ये हब आणि ड्रम ही एकच वस्तू आहे. त्यामुळे मधला नट सोडल्याशिवाय आतल्या ब्रेक शूचे दर्शनही होत नाही.

४/ आरंभीच्या मोटारींनी ब्रेक घोडागाडीकडून घेतला होता. लाकडाचा किंवा चामड्याने मढवलेला ठोकळा थेट चाकाच्या धावेवर दाबायचा. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार चालवली. पुढे असे टायर रूढ झाले, तेव्हा रबरावर ठोकळा घासणे परवडेनासे झाले. ब्रेकला नवी जागा शोधावी लागली आणि ती चाकाच्या मध्याशी, हबजवळ सापडली.

५/ प्रथम ड्रमच्या बाहेरून पट्टा आवळण्याची पद्धत होती. हा पट्टा उघडा असल्याने त्यावर चिखल, पाणी आणि तेल बसे आणि पकड सुटे. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रमच्या आतून शू पसरवणारा ब्रेक पुढे आणला. घासणारा भाग आता झाकला गेला. पाऊस बाहेर राहिला, तसाच झिजेचा भुगाही ड्रमच्या आतच साठू लागला. या भुग्याची गोष्ट पुढे येईल.

६/ आणखी जवळजवळ दोन दशके बहुतेक मोटारींना फक्त मागच्या चाकांवरच ब्रेक होते. पुढची चाके वळणारी. त्यांच्यापर्यंत दांडे आणि तारा नेणे किचकट होते. पुढचा ब्रेक लावला तर गाडी घसरेल, ही भीतीही होती. परिणामी गाडी पुढे ढकलणारा पीळ आणि तिला थांबवणारा पीळ, दोन्ही मागच्या एक्सलच्या आसपासच एकवटले.

७/ याचे ठळक उदाहरण म्हणजे फोर्ड मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने ही गाडी तयार झाली. तिचा पायाचा ब्रेक चाकावर नव्हताच. तो गिअरबॉक्समधील एका ड्रमभोवती पट्टा आवळे. थांबवण्याचा जोर तेथून डिफरन्शियल, एक्सल आणि हब या मार्गाने चाकापर्यंत जाई. हब एक्सलवर सैल होऊन फिरला, तर इंजिनाची ताकद जाईच, पण पायाचा ब्रेकही निकामी होई. मग भरवसा उरे तो हाताच्या ब्रेकवर; तो मागच्या चाकांच्या ड्रमवर थेट काम करी.

८/ म्हणून हब घट्ट बसणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. सुरुवातीची काही वर्षे वगळता मॉडेल टीमध्ये त्यावर निमुळत्या टोकाचा उपाय होता. एक्सलचे टोक किंचित निमुळते घडवायचे, हबचे छिद्रही तेवढेच निमुळते ठेवायचे, दोहोंमधील खाचेत पोलादाची एक चावी घालायची आणि शेवटी नट आवळायचा. नट जसजसा फिरेल, तसतसा हब निमुळत्या टोकावर वर सरकतो आणि रुतून बसतो.

९/ ही कल्पना मोटारीहून जुनी होती. अमेरिकेत स्टीफन मोर्स यांच्या नावाने ओळखली जाणारी निमुळती बैठक १८६० च्या दशकापासून ड्रिल आणि लेथ यंत्रांत रूढ झाली. तिचे शास्त्र साधे आहे. निमुळतेपणाचा कोन ठरावीक मर्यादेपेक्षा लहान असेल, तर घर्षणच दोन्ही भागांना धरून ठेवते. जोर काढून घेतला तरी बैठक आपण होऊन सुटत नाही. लेथवर ती सोडवण्यासाठी मागून ठोकावे लागते. मोटारीच्या एक्सलवर मागून ठोकायला जागाच नसते.

१०/ येथे एक समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. हब फिरू नये म्हणून चावी असते, असे वाटते. पण खरा भार निमुळत्या पृष्ठभागांच्या घर्षणाने पेलायचा असतो. नट सैल राहिला की तो भार चावीवर येतो. प्रत्येक वेळी वेग घेताना आणि ब्रेक लावताना चावी खाचेत मागेपुढे आपटते, खाच रुंदावते आणि अखेर चावी कापली जाते किंवा एक्सलच खाचेपाशी चिरतो. म्हणून नट पुरेपूर आवळून त्यात स्प्लिट पिन घालणे सक्तीचे झाले.

११/ १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए गाडीत चारही चाकांना ब्रेक आले, पण ते लोखंडी दांड्यांवर चालत. त्याआधीच माल्कम लॉकहीड यांनी द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक विकसित केला होता. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग आणि १९२४ मध्ये क्रायस्लर यांच्या गाड्यांत तो दिसला. हेन्री फोर्ड यांचा विश्वास मात्र पोलादी दांड्यांवरच राहिला. फोर्ड गाड्यांना द्रवाचे ब्रेक मिळाले ते १९३९ मध्ये. मागचे हब मॉडेल ए मध्येही निमुळत्या टोकावरच बसलेले होते.

१२/ द्रवाच्या ब्रेकने नवा हट्टीपणा आणला. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. वर्षानुवर्षे ते बदलले नाही, तर चाकाजवळच्या सिलिंडरला आतून गंज चढतो आणि पिस्टन अडकून पडतात. पिस्टन मागे सरकला नाही, तर शू ड्रमला चिकटूनच राहतात. नट सुटला, हब हलला, तरी ड्रम आतून धरून ठेवलेला असतो.

१३/ आता पुन्हा बीटल. फर्डिनांड पोर्श यांच्या रचनेची ही गाडी १९३८ मध्ये नाझी राजवटीने ‘लोकांची मोटार’ म्हणून मिरवली. युद्धानंतर, १९४५ मध्ये, ब्रिटिश सैन्यातील मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली वुल्फ्सबुर्गचा कारखाना पुन्हा सुरू झाला. स्वस्ताई हा तिचा प्राण होता. निर्यातीच्या बीटलला १९५० मध्ये द्रवाचे ब्रेक मिळाले. साध्या बीटलला मात्र १९६२ पर्यंत तारांचेच ब्रेक होते.

१४/ बीटलच्या मागच्या एक्सलवर निमुळत्या टोकाऐवजी दाते कोरलेले असतात आणि ड्रमच्या छिद्रात त्यांना जुळणारे दाते. पीळ वाहून नेतात ते दाते. पण ते टिकायचे तर ड्रम जराही हलता कामा नये. तीनशे न्यूटन-मीटरचा तो नट ड्रमला आतल्या भागांवर दाबून धरतो. तो थोडा जरी सैल राहिला, तरी ड्रमचे दाते झिजून गुळगुळीत होतात आणि एके दिवशी एक्सल ड्रमच्या आत नुसताच फिरू लागतो.

१५/ म्हणूनच एक कडक नियम आहे. ठरलेल्या जोरापर्यंत नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे छिद्र खाचेशी जुळले नाही, तर नट पुढे, अधिक घट्ट फिरवायचा. जुळवण्यासाठी मागे कधीही घ्यायचा नाही. प्रत्येक दुरुस्तीत नट थोडा अधिकच आवळला जाण्याची शक्यता यातून निर्माण होते. पुढच्या कारागिराचे काम त्या प्रमाणात अवघड होते.

१६/ नट फिरत्या चाकाबरोबर आपोआप सैल होईल, या भीतीने काही कंपन्यांनी आणखी एक युक्ती केली : गाडीच्या डाव्या बाजूला उलटे आटे. क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या चाकांचे नट साधारण १९७० पर्यंत असे असत. हे ठाऊक नसलेला माणूस सोडवायच्या नादात नट आणखी आवळत जातो आणि अखेर बोल्ट तुटतो. न हलणाऱ्या नटापुढे पहिला प्रश्न जोराचा नसून दिशेचा असतो.

१७/ या सगळ्यावर गंजाचा थर चढतो. लोखंड गंजले की तयार होणारा पदार्थ मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. केसाएवढ्या फटीत ही वाढ झाली, की ती पाचरीसारखी दोन्ही भागांना जखडते. पाणी हटवणारे प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हे द्रव्य १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तयार झाले. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवणे, हे त्याचे आरंभीचे काम. गॅरेजच्या फळीवर ते नंतर आले.

१८/ शेवटचा अडसर ड्रमच्या आत असतो. शू जेथे घासतात तेथे ड्रम झिजून खोलगट होतो. कडेला न झिजलेली एक वरंब्यासारखी कड उरते. ड्रम ओढला की शू त्या कडेला अडकतात. म्हणून आधी ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्यावे लागतात. महायुद्धानंतर अमेरिकेत स्वयंचलित ॲडजस्टर आले. ते एकाच दिशेने फिरतात. त्यांची छोटी कळ उचलून धरल्याखेरीज ते मागे जात नाहीत. चालकाची सोय वाढली, तशी ड्रम काढणाऱ्याची एक पायरीही वाढली.

१९/ या साऱ्यातून एक शहाणपण तयार झाले. नट ढिला करायचा तो गाडी जमिनीवर असताना, चाकांना उटी लावून. जॅकवर चढवलेल्या गाडीवर पाइपने जोर लावला तर गाडीच कोसळते. नट सुटला तरी पूर्ण काढायचा नाही, चार आटे ठेवायचे. कारण पुलरच्या ताणाने रुतलेला हब बंदुकीच्या गोळीसारखा उसळतो. पुलर ड्रमच्या कडेला लावायचा नाही. बिडाची कड ठिसूळ असते, तुटते. तो हबला किंवा चाकाच्या बोल्टना धरायचा. एक्सलच्या टोकावर घणाचे घाव घातले, तर ते थेट बेअरिंग आणि डिफरन्शियलपर्यंत पोहोचतात.

२०/ आणि घाई करायची नाही. पुलर ताणून रात्रभर तसाच ठेवला, तर अनेकदा पहाटेपर्यंत हब आपणच सुटतो. उष्णतेचीही मदत होते : तीस मिलिमीटरच्या छिद्राचा बिडाचा हब १५० अंशांनी अधिक तापवला, तर ते छिद्र सुमारे ०.०५ मिलिमीटरने रुंदावते. आकडा क्षुल्लक दिसतो, पण रुतलेल्या बैठकीला तेवढी फटही पुरते.

२१/ ड्रम अखेर सुटतो. आत तांबूस-करडी भुकटी साठलेली असते. रेनॉच्या बंद ब्रेकने पावसाबरोबर झाकून ठेवलेला तो भुगा हाच. इतिहासाची दुसरी बाजू येथे सुरू होते. १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर भागात हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अधिक टिकाऊ लायनिंग बनवण्याचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या आडनावाच्या अक्षरांतूनच ‘फेरोडो’ हे नाव जन्मले. १९०८ मध्ये त्यांनी लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले. ते जळत नव्हते, स्वस्त होते आणि पकड देत होते. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातील बहुतेक मोटारी त्याच तंतूच्या घर्षणावर थांबल्या.

२२/ त्याचा धोका फार लवकर कळला होता. १९२४ मध्ये इंग्लंडमधील रॉशडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या कताईत काम केलेल्या नेली कर्शॉ यांचा वयाच्या ३३ व्या वर्षी मृत्यू झाला. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुप्फुसांतील तंतूंचे वर्णन त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांच्या सरकारी अहवालाने तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाची फुप्फुसे आजारी असल्याचे नोंदवले. १९३१ मध्ये ब्रिटनने नियम केले, पण ते ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांसाठी. रस्त्याकडेच्या गॅरेजचा त्यात विचार नव्हता.

२३/ गॅरेजमध्ये तर ड्रम काढल्यावर हवेच्या पाइपने भुगा उडवून देण्याची रीत होती. नव्या लायनिंगची कड कानशीने घासून बसवायची, हीदेखील. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलियोमा या कर्करोगाचा संबंध दाखवला. हा रोग प्रकट व्हायला वीस ते पन्नास वर्षे लागतात. ब्रेकच्या उष्णतेने तंतूंचा मोठा भाग निरुपद्रवी खनिजात बदलतो, त्यामुळे गॅरेजमधील धोका नेमका किती, यावर दीर्घ वाद झाले. मात्र ज्याच्या खाली धोकाच नाही, अशी ॲस्बेस्टॉसची कोणतीही मर्यादा निश्चित झालेली नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

२४/ या इतिहासाचा एक धागा मुंबईत येतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडल्या. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही गाडी शहराची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. शेजारच्या घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो ही कंपनी ब्रेकची लायनिंग बनवत असे. डर्बीशायरच्या फ्रूड यांचे नाव असे मुंबईच्या उपनगरापर्यंत पोहोचले होते.

२५/ २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेश कारखान्यांना दिला. चाळीस वर्षे, कारण रोग तेवढा काळ दबा धरून बसतो. पण रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ड्रम झटकणाऱ्या पोऱ्याची नोंद कोणत्याच वहीत नसे. क्रायसोटाइल या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसचा वापर भारतात अद्याप पूर्णपणे थांबलेला नाही.

२६/ आज जुनी गाडी उघडणाऱ्यांसाठी रीत बदलली आहे. ड्रममध्ये हवा मारायची नाही, कोरड्या ब्रशने झाडायचे नाही. भुगा आधी ओला करायचा, ओल्या फडक्याने टिपायचा आणि ते फडके बंद पिशवीत टाकायचे. तोंडावर साधा रुमाल पुरत नाही, सूक्ष्म कण अडवणारा मास्क लागतो. लायनिंग नेमकी कशाची आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून जुना प्रत्येक ड्रम ॲस्बेस्टॉसचाच मानून चालायचे.

२७/ ब्रिटनने १९९९ मध्ये क्रायसोटाइलवर बंदी घातली. युरोपीय संघात ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. अमेरिकेने १९८९ मध्ये घातलेली बंदी १९९१ मध्ये न्यायालयात बव्हंशी रद्द झाली. गाड्यांना नंतर बसवल्या जाणाऱ्या ब्रेक लायनिंगसह क्रायसोटाइलवर तेथे बंदी आली ती मार्च २०२४ मध्ये. मेरेवेदर आणि प्राइस यांच्या अहवालापासून मोजले, तर ही ९४ वर्षे होतात. बीटल जन्माला आली, दोन कोटींहून अधिक संख्येने बनली आणि २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे तिचे उत्पादन संपलेही, ते सारे या ९४ वर्षांच्या आत. तेवढ्या काळात तिच्या मागच्या नटाचा जोर किती असावा, हे प्रत्येक पुस्तिकेत अचूक छापलेले होते.